एचबी कमी आलंय, पण कशामुळे? रक्तक्षयाचे प्रकार, कारणं आणि शरीरावरचे परिणाम

सूक्ष्मदर्शी

"एचबी नऊ आलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात." पॅथॉलॉजीत काम करत असल्यामुळे हे वाक्य मी सतत ऐकते, आणि दर वेळी विचारावंसं वाटतं की नऊ का आलं ते पाहिलंत का? ताप आला म्हणून कुणी थेट मलेरियाचं औषध घेत नाही, ताप कशाचा ते आधी बघतात. रक्तक्षयाचंही तसंच आहे. ती खूण आहे, तिच्यामागचा आजार शोधायचा बाकी असतो. हे नीट मांडावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पायाभूत माहिती. रक्तक्षयात रक्ताचे लिटर कमी होत नाहीत, तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन (एचबी) कमी होतं. फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोचवतं ते हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढून रक्त पातळ होतं, म्हणून मधल्या तिमाहीत १०.५ ही सीमा चालते.

तांबडी पेशी हाडांच्या मगजात तयार होते आणि सुमारे १२० दिवस जगते. 'आणखी पेशी बनवा' हा निरोप मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकातून जातो. म्हणजे गोंधळ तीन ठिकाणी होऊ शकतो. पेशी नीट बनतच नाहीत, बनलेल्या पेशी वेळेआधी फुटतात, किंवा रक्त कुठूनतरी वाहून जातं. रक्तक्षयाचे सगळे प्रकार या तिन्हींत कुठेतरी बसतात, काही तर एकाच वेळी दोन ठिकाणी.

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टात एचबीच्या खाली एमसीव्ही नावाची ओळ असते. तो पेशीचा सरासरी आकार. ८० ते १०० सर्वसाधारण. ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) विचार करायचा, १०० च्या वर असेल तर बी१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा. मधे असेल तर मूत्रपिंड, जुनाट दाह, नुकताच झालेला रक्तस्राव, पेशी फुटण्याचे आजार. ढोबळ आहे, पण सुरुवात इथून होते. ही ओळ कागदावर छापलेली असते आणि तरी बहुतेक जण एचबीचा आकडा पाहून कागद घडी करून ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. ही तपासणी बोटाच्या थेंबावर होते, शिरेतल्या रक्तावर केली तर आकडे काहीसे उतरतात असा वाद तज्ज्ञांत आहे. उतरले तरी ते लहान होत नाहीत.

आपापले अनुभव आणि प्रश्न जरूर लिहा.

बोरकूट

वाचतेय. एमसीव्हीचं माहीत नव्हतं. आत्ताच जुना रिपोर्ट काढून पाहिला.

गोदाकाठ

छान धागा. माझं विचारते. वय ४१, एचबी ८.४, एमसीव्ही ६८, फेरिटिन ५. पाळी आठ-आठ दिवस चालते, गाठी पडतात. दोन जिने चढले की छाती धडधडते, केस गळतात, आणि सांगायला संकोच वाटतो पण कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, डब्यातून मूठभर काढून चघळत बसते. गोळ्या घेतल्या की पोट बिघडतं म्हणून मधेच बंद करते. जाऊबाई म्हणतात बीट, खजूर आणि डाळिंब खा, रक्त वाढेल. खरंच वाढतं का?

सूक्ष्मदर्शी

@गोदाकाठ, संकोच अजिबात करू नका. कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, फ्रीजमधला बर्फ, असलं काही खायची ओढ लागणं हे लोहाच्या कमतरतेचं ओळखीचं लक्षण आहे आणि लोह भरून निघालं की ती ओढ जाते. आपल्याकडे बायका ते लपवतात, लहान मुलं त्यासाठी मार खातात. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगितलं तर निदानाला मदत होते.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ५ म्हणजे कोठार रिकामं आहे. लोह नसेल तर मगज लहान आणि फिकट पेशी बनवतं, म्हणून एमसीव्ही ६८. पायांत रात्री वळवळ होणं, नखं चमच्यासारखी खोलगट होणं, तोंडाच्या कडा चिरणं, अभ्यासात किंवा कामात लक्ष न लागणं, हे सगळं यातच येतं. यातलं बरंचसं एचबी खाली येण्याआधीच सुरू होतं, कारण लोह फक्त रक्ताला लागत नाही, स्नायूंना आणि मेंदूलाही लागतं.

आता बीटाबद्दल. १०० ग्रॅम बीटात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं. त्याचा रंग लाल आहे, एवढंच रक्ताशी नातं. भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून लागतं असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची शिफारस सांगते. हा आकडा एवढा मोठा आहे तो आपल्या धान्य-भाज्यांतलं लोह फार थोडं शोषलं जातं म्हणून. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह त्यापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. शाकाहारात हळीव, बाजरी, राजगिरा, शेवग्याचा पाला, कडधान्यं चांगली, आणि सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू हवा. मोडाची उसळ लिंबू पिळून खा. आमटी-भाजीला लोखंडी कढई वापरा, आंबट पदार्थात तिचं लोह जास्त उतरतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्यातल्या टॅनिनमुळे लोह अडतं.

पण फेरिटिन ५ असताना आहाराने भरून निघायची वाट बघू नका, औषध लागेलच. गोळी सोसत नसेल तर एक गोष्ट डॉक्टरांना विचारा: एक दिवसाआड घेतली तर चालेल का? लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडीन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा सुमारे एक दिवस लोहाचं शोषण दाबून ठेवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह शोषलं जातं, आणि पोटालाही ते सोपं जातं. गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेला रोजचा डोस स्वतःहून बदलू नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. एचबी साधारण तीन आठवड्यांत एक ग्रॅमने वाढायला हवं. ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायची असते. बहुतेक जणी नेमक्या तिथेच थांबतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात. गोळी अजिबातच झेपत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

आणि यात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गळती थांबवा. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलेली पाळी वैद्यकशास्त्रात अतिस्राव मानली जाते, आणि गाठी पडतात म्हणजे तुम्ही त्याच्या बऱ्याच पुढे असाल. सोनोग्राफी करून गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे का, थायरॉइड ठीक आहे का हे बघायला हवं. 'बायकांचं असतंच तसं' हे कुणाचंही ऐकू नका.

गोदाकाठ

खूप खूप आभार. सोनोग्राफीचं कुणी बोललंच नव्हतं. याच आठवड्यात जाते.

उपकेंद्र

मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) आहे. गोळ्यांबद्दल गावातलं लिहिते.

शाळेतल्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी असते, बहुतेक ठिकाणी सोमवारी. लहान वर्गांना गुलाबी, गरोदर मातेला रोज लाल, आणि अंगणवाडीच्या बाळांना आठवड्यातून दोनदा सिरप. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेपासून हे असंच चालू आहे. गोळ्यांचा तुटवडा आमच्याकडे क्वचितच होतो. अडचण आहे ती गोळी पोटात जाण्याची. उपाशीपोटी खाल्ली की मळमळतं, मग एक मुलगी घरी सांगते की गोळीने उलटी झाली आणि पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग गोळी दप्तरात घालतो. म्हणून मी मध्यान्ह भोजनानंतर समोर उभी राहून खायला लावते, आणि शौचाला काळं होणार हे आधीच सांगून ठेवते.

जंताचं औषध पण तेवढंच महत्त्वाचं. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि अनवाणी पायातून शिरतात. शेतात चप्पल घालायला सांगितलं तर बाया हसतात, चिखलात चप्पल कुठं टिकते म्हणतात. ते पण खरंच आहे. म्हणून अल्बेंडाझोलच्या दिवशी एकही मूल सुटू देत नाही.

गरोदर बाईचं एचबी ६ वगैरे असलं तरी ती डोक्यावर हंडा घेऊन चालत येते. मला सुरुवातीला आश्चर्य वाटायचं. हे कसं होतं ते मॅडम सांगतील का?

फिजिशियन_सांगली

@उपकेंद्र ताई, मी सांगतो. एचबी हळूहळू उतरलं तर शरीर जुळवून घेत जातं. हृदय जोरात आणि भरभर चालतं, रक्तातलं पाणी वाढतं, हिमोग्लोबिन प्राणवायू पेशींना अधिक सढळपणे सोडायला लागतं. त्यामुळे बाई चालते, काम करते, आणि घरच्यांना वाटतं ठीक आहे. पण हृदय सतत ताणाखाली असतं. त्यात प्रसूतीत रक्तस्राव झाला तर हाताशी काहीच शिल्लक नसतं. निरोगी बाई जेवढा रक्तस्राव सहन करते तेवढ्यात हिचा जीव जातो. बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी होण्याची शक्यता वाढते, आणि ते बाळही लोहाचा तोकडा साठा घेऊनच जन्माला येतं. ६ असलेल्या बाईला गोळ्यांची पट्टी देऊन घरी पाठवता येत नाही. तिला दवाखान्यात दाखल करून, महिने किती भरलेत ते पाहून शिरेतून लोह किंवा रक्त द्यायचा निर्णय घ्यावा लागतो.

उलट अपघातात एकदम रक्त गेलं तर एचबीचा आकडा सुरुवातीला बरा दिसतो आणि माणूस मात्र शॉकमध्ये असतो. म्हणून आकड्याइतकंच तो किती वेगाने घसरला हेही बघावं लागतं.

तुमच्यासारख्या सिस्टर समोर उभ्या राहून गोळी खायला लावतात म्हणून कितीतरी बायका त्या अवस्थेपर्यंत पोचत नाहीत. मनापासून नमस्कार.

परळकर

धाग्यात मुंबईची एक गोष्ट यायलाच हवी. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय व्हायचा आणि त्याचं कारण कळत नव्हतं. पेशी मोठ्या दिसायच्या, पण पर्निशस ॲनिमियावर (बी१२ न शोषल्याने होणाऱ्या रक्तक्षयावर) लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे उपयोगी पडत नव्हता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटशी जोडलेलं त्यांचं हे काम. बायका काय खातात, कुठे राहतात हे त्यांनी तपासलं, मग त्याच तऱ्हेचा निकृष्ट आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिल्यावर माकड सुधारलं, आणि पुढे बायकाही. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अज्ञात घटकाला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तोच आजचा फोलेट. १९४५ मध्ये अमेरिकेत लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केलं.

आज जगभरातल्या गरोदर बायकांना जी फॉलिकची गोळी मिळते, तिचा उगम गिरणगावातल्या बायकांच्या रक्ताच्या नमुन्यांत आहे. त्या बायकांची नावं कुठे नाहीत. निदान त्यांची आठवण तरी या शहराने ठेवायला हवी, असं मला फार वाटतं.

सूक्ष्मदर्शी

@परळकर, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मोठ्या पेशींच्या रक्तक्षयात फोलेट आणि बी१२ हे दोन्ही डीएनए बनवायला लागतात. ते नसले तर पेशी वाढते पण वेळेवर विभागत नाही, म्हणून मोठी राहते. स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) पांढऱ्या पेशींचं केंद्रकही जास्तच खंडांचं दिसतं. एकदा ते चित्र पाहिलं की विसरता येत नाही.

न्यूजर्सीकर

मूळ पुण्याचा, कट्टर शाकाहारी, दूधही गेली काही वर्षं बंद. पायाच्या तळव्यांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जातो, चिडचिड वाढलीय. एचबी १०.८, एमसीव्ही १०८. इथे डॉक्टरांनी बी१२ तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय. तोवर बहिणीने पाठवलेल्या फॉलिकच्या गोळ्या घेऊ का? आणि स्पिरुलिना?

फिजिशियन_सांगली

@न्यूजर्सीकर, थांबा. नुसतं फॉलिक घेऊ नका. फॉलिकने एचबी सुधारेल, एमसीव्हीही खाली येईल, आणि सगळ्यांना वाटेल बरं झालं. पण बी१२ची उणीव असेल तर आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहील. मुंग्या आणि तोल जाणं ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गोष्ट गेल्याची खूण असू शकते, आणि फार उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करून ही लक्षणं सांगा, बहुधा ते इंजेक्शनच सुरू करतील. स्पिरुलिनातलं बी१२ बहुतांशी माणसाच्या शरीराला वापरता येत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

बी१२ फक्त प्राणिज पदार्थांत असतं. दूध-दही भरपूर घेतलं तर शाकाहारीही थोडंफार मिळवतात, तुम्ही तेही बंद केलंत. यकृतात साठा असतो म्हणून लक्षणं दिसायला काही वर्षं लागतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांतही बी१२ उतरतं. काहींत शरीर स्वतःच्याच जठराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि कितीही मटण खाल्लं तरी बी१२ शोषलं जात नाही. तो खरा पर्निशस ॲनिमिया. १९२० च्या दशकापर्यंत तो जीवघेणा होता. मिनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये रुग्णांना यकृत खाऊ घालून तो आवरता येतो हे दाखवलं आणि १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासोबत नोबेल मिळवलं.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने याच विषयावर मोठं काम केलंय. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर मातांत बी१२ची कमतरता सर्रास आढळली. ज्या मातांत बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसला. आईच्या रक्तातली उणीव मुलाच्या मधुमेहापर्यंत पोचू शकते. मला स्वतःला हे वाचल्यापासून प्रत्येक गरोदर बाईचं बी१२ बघावंसं वाटतं.

न्यूजर्सीकर

धन्यवाद डॉक्टर. फॉलिक बाजूला ठेवलं. सकाळी फोन करतो.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे हा विषय सिकलसेलचा. दरवर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात जी थंडीत किंवा खेळून दमल्यावर हात-पाय धरून रडतात. ज्यांना माहीत नसतं ते म्हणतात कामचुकारपणा करतोय. डोळे पिवळे, अंग किरकोळ, महिन्यातून आठवडाभर गैरहजर. मागे एका मुलाला मी स्वतः तालुक्याला घेऊन गेलो तेव्हा कळलं की ही वेदना प्रसूतीच्या कळांइतकी तीव्र असू शकते. कृपया यावर सविस्तर लिहा, मी छापून शिक्षकांच्या खोलीत लावेन.

सूक्ष्मदर्शी

@सातपुडा सर, सविस्तरच लिहिते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल फक्त एवढाच. पण प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक दांड्या बनवतं आणि पेशी कोयत्याच्या आकाराची होते. १२० दिवसांऐवजी ती १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून रक्तक्षय, म्हणून पिवळे डोळे. आणि कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तीच ती वेदना. लहान बाळांत हातापायांची बोटं सुजतात. पुढे प्लीहा निकामी होते आणि न्युमोनियासारख्या संसर्गांशी लढायची ताकद जाते. छातीत अडथळा आला तर जीव धोक्यात येतो, मेंदूत आला तर लहान मुलालाही पक्षाघात होतो, खुब्याचं हाड झिजतं.

१९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्या. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत पहिल्यांदा नोंद झाली. आज महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाचा मोठा पट्टा, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा जमाती आणि इतरही समाज यात येतात. जिथे पूर्वापार मलेरिया होता तिथेच हे जनुक टिकलं, कारण आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते आलेला माणूस तीव्र मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त असते.

हे शिक्षकांना सर्वांत आधी सांगा: वाहक आणि ग्रस्त यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एएस म्हणजे वाहक. तो सहसा पूर्ण निरोगी असतो, सगळं काम करू शकतो. एसएस म्हणजे ग्रस्त. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'सिकल आहे' एवढंच सांगते, एएस की एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचण्यांनी कळतं. पहिल्या चाचणीवरच मुलाला रुग्ण ठरवू नका.

शाळेत करण्यासारखं बरंच आहे. पाणी भरपूर प्यायला द्या, वर्गात बाटली ठेवायची परवानगी द्या. थंडीत स्वेटर, आणि गार पाण्याने आंघोळ नको. धावण्याच्या शर्यतीची सक्ती नको. ताप आला तर वाट न बघता दवाखाना. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुलाच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि वेदनेचे झटके बरेच कमी करतं, ते रोज घ्यायचं असतं. ज्यांना दिलंय त्यांचा खंड पडू नये यावर शाळा लक्ष ठेवू शकते. फॉलिक आम्ल या मुलांना लागतं. लोहाची गोळी मात्र सरसकट नाही, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्या मुलांना. फेरिटिन पाहून डॉक्टर ठरवतील.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणीनंतर मिळणारं कार्ड मुलांनी जपून ठेवायला हवं.

सातपुडा

मॅडम, फार मोलाचं. एकच भीती आहे. कार्ड मिळालं की मुलीचं लग्न मोडतं. वाहक असली तरी लोक म्हणतात रक्त खराब आहे. म्हणून आईबाप तपासणीला आणतच नाहीत.

उपकेंद्र

सर, आमच्याकडे पण तेच. मी आता फक्त मुलींची तपासणी करत नाही. मुलगे आधी. आणि सांगते की दोघं वाहक असतील तरच प्रश्न, एक वाहक आणि एक साधा असेल तर मूल ग्रस्त होत नाही. हे कागदावर चार चौकोन काढून दाखवलं की सासऱ्यांनाही कळतं.

सूक्ष्मदर्शी

+१. वाहकांचं लग्न झालंच असेल तरी वाट बंद होत नाही. गरोदरपणाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना तपासून गर्भाचं निदान होऊ शकतं. पण त्यासाठी जोडप्याने आधीच माहिती घेऊन जायला हवं, सातव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

कल्याणकर

याला जोडूनच. मुलगी १९ वर्षांची, एचबी १०.२, एमसीव्ही ६२, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ५.९ दशलक्ष. लोहाच्या गोळ्यांचे किती कोर्स झाले, काडीचा फरक नाही. तिला काही त्रास नाही, बॅडमिंटन खेळते. आता कुणीतरी एचपीएलसी सांगितली, त्यात एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ टक्के आलंय.

सूक्ष्मदर्शी

बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. सीबीसीतच त्याची खूण होती. लोह कमी असताना पेशी लहान आणि संख्येनेही कमी असतात. इथे पेशी इतक्या लहान असून त्यांची संख्या चढी आहे. एमसीव्हीला आरबीसीने भागा, साधारण १०.५ येतं. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा विचार करायचा, आणि ३.५ च्या वर एचबीए२ गेलं की तो बहुतेक पक्का होतो. फेरिटिन कमी नसेल तर लोह बंद करा, नको असलेलं लोह यकृतात आणि हृदयात साठतं. मुलगी निरोगी आहे, खेळू दे. लग्न ठरवताना जोडीदाराची एचपीएलसी मात्र करायचीच.

दोघेही वाहक निघाले तर थॅलेसेमिया मेजरची शक्यता चारात एक. त्या बाळाला सहसा पहिल्या दोन वर्षांतच रक्त लागायला सुरुवात होते, मग दर दोन ते चार आठवड्यांनी आयुष्यभर, आणि साठलेलं लोह काढायला वेगळं औषध. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत वाहक जास्त आढळतात, पण मराठी घरांत नाहीत असं मुळीच नाही.

मोतीबाग

वडील ६८ वर्षांचे, एचबी ९.१, एमसीव्ही ७४. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेतात. फॅमिली डॉक्टर म्हणाले वयामुळे आहे, टॉनिक घ्या.

फिजिशियन_सांगली

वयामुळे एचबी ९ होत नाही. या वयात पुरुषाला लोहाची कमतरता दिसली तर पोटातून रक्त जातंय असंच धरून चालायचं, जोपर्यंत नाही हे सिद्ध होत नाही तोपर्यंत. वेदनाशामकांमुळे जठरात व्रण, मूळव्याध, किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग. फेरिटिन करा, पण संधिवातासारखा दाह असेल तर फेरिटिन खोटं चढं दिसू शकतं, म्हणून ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन ही लोहाची दुसरी तपासणीही. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघा, कारण मूत्रपिंड कमकुवत झालं तर एरिथ्रोपोएटिन कमी पडून रक्तक्षय होतो आणि तिथे टॉनिकचा काही उपयोग नाही. वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करून घ्या. टॉनिकने आकडा सुधारला म्हणूनही थांबू नका. त्यात कर्करोगाचे मोलाचे महिने निघून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बोरकूट

मला मधुमेह आहे आणि एचबी ९.८. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४ आलंय. रक्तक्षयाचा त्यावर परिणाम होतो का?

फिजिशियन_सांगली

होतो. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, पेशी लवकर फुटत असतील तर कमी. लोह कमी असेल तर आधी ते भरा, तोवर घरच्या ग्लुकोमीटरवर विसंबा. औषध वाढवायची घाई नको.

परळकर

एकदम सगळ्याच पेशी कमी झाल्या तर? ओळखीच्या एकांना अप्लास्टिक सांगितलंय.

फिजिशियन_सांगली

तिथे मगजच थंडावतं. तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळंच उतरतं, म्हणून थकव्यासोबत ताप आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच मगजावर उलटलेली असते, कधी औषधं, रसायनं किंवा किरणोत्सर्ग. मादाम क्युरी यांचा १९३४ चा मृत्यू यानेच झाला. मगज प्रत्यारोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हे उपचार. मोठ्या केंद्रात लगेच जायला सांगा, आणि प्रत्यारोपणासाठी भावंडांची एचएलए (ऊतींची) जुळणी आधी करून घ्यायला सांगा.

पेशी फुटणाऱ्या आजारांपैकी जी६पीडी या विकराची कमतरताही लक्षात ठेवा, पारशी समाजात ती बरीच आढळते. मलेरियावर प्रायमाक्विन दिल्यावर लघवी कोकाकोलासारखी काळपट लाल झाली तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

सातपुडा

मॅडम, एक शेवटचं. शाळेतल्या एका मुलीला तालुक्याला रक्त चढवायचं ठरतंय, एचबी ५ आहे. तिची एचपीएलसी अजून झालेली नाही. ती नंतर केली तर चालेल ना?

सूक्ष्मदर्शी

नाही सर, आधीच. चढवलेलं रक्त दुसऱ्याचं असतं, त्यातल्या पेशी तिच्या शरीरात तीन महिन्यांपर्यंत फिरत राहतात आणि एचपीएलसीचा रिपोर्ट फसवा येतो. तिचा जीवच धोक्यात असेल तर रक्तासाठी थांबायचं नाही, पण पिशवी लावण्याआधी जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त काढून ठेवायला सांगा. तेवढ्या नमुन्यात सीबीसी, स्मिअर, रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) आणि एचपीएलसी सगळं होतं. लाल टोपणाच्या एका नळीत फेरिटिन आणि बी१२ साठीही ठेवा. नळ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही, आणि दोन-तीन दिवसांत जिल्हा रुग्णालयात पोचवायच्या. पाठवताना कागदावर 'रक्त देण्यापूर्वीचा नमुना' असं ठळक लिहा. आई-वडील सोबत असतील तर त्यांचाही नमुना त्याच वेळी घ्या. रिपोर्ट आला की इथे आकडे टाका, नाव टाकू नका, आम्ही दोघं पाहतो.

सातपुडा

लगेच फोन लावतो. वडील सोबत आहेत, आईला निरोप पाठवतो.